समुद्राकडे पाठ

मी पाण्याला घाबरते, असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर माझा भाऊच आधी हसला असता. आमच्या घरात पाण्याला घाबरण्याचं काम त्याच्याकडे होतं. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. पोहणं, भांडणं आणि सगळ्यांच्या वतीने निर्णय घेणं ही खाती लहानपणापासून माझ्याकडे होती आणि ती मी कधी कुणाला दिली नाहीत.

मला वडिलांनी गावच्या विहिरीत पोहायला शिकवलं. कऱ्हाडजवळचं आमचं गाव, मे महिन्याची सुट्टी, पाठीला बांधलेला तेलाचा रिकामा डबा. वडील विहिरीच्या पायऱ्यांवर बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचे, "ओ दे!" मी पाण्यातून ओरडायचे, "ओ!" त्यांच्या डोळ्यांसमोरच मी हातपाय मारत असायचे, तरी ओ द्यावीच लागायची. पाण्यात उतरलेल्या माणसाने बोलत राहायचं, तो गप्प झाला की काहीतरी बिघडलंय असं समजायचं, हा त्यांचा नियम होता. भाऊ वरच्या पायरीवर बसून कैरी खायचा. त्यालाही एकदा डबा बांधून पाण्यात सोडलं होतं. त्याने असा काही आकांत केला की शेजारच्या मळ्यातली माणसं काम टाकून धावत आली. त्यानंतर त्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. मला मात्र बोलत राहायची सवय लागली ती लागलीच. भाऊ सगळ्यांना सांगतो, ताईला विहिरीतून बाहेर काढलं, पण तिचं तोंड बंद करायचं राहून गेलं.

पुढे लग्न होऊन मी कॅनडात आले, काही वर्षांनी तोही आला. मी किचनरला एका सॉफ्टवेअर कंपनीत, तो कनाटा नावाच्या उपनगरात टेलिकॉममध्ये. आई गेल्यावर वडिलांना त्याने आपल्याकडे आणलं. वडिलांना कॅनडा आवडला की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हिवाळ्यात ते खिडकीशी बसून समोरच्या शेजाऱ्याला फावड्याने बर्फ उपसताना बघायचे आणि म्हणायचे, "कालचंच उचलतोय बिचारा."

आजार वाढला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. "मला पुन्हा विमानात बसवू नका. तुमच्या आईला हरिहरेश्वरला समुद्रात सोडलं, मलाही खाऱ्या पाण्यात सोडा. इथला समुद्र काय आणि तिथला काय, पाणी फिरून एकच." त्यांना नदी नको होती आणि टोरंटोचं ते समुद्राएवढं तळंही नको होतं. खारं पाणी हवं होतं. कनाटाहून खारं पाणी गाठायचं म्हणजे दोन दिवस गाडी चालवत पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियापर्यंत जायला हवं. भाऊ म्हणाला, "बाबा, लाँग ड्राइव्ह आहे." वडील म्हणाले, "मला कुठे चालवायचीय?"

फेब्रुवारीत ते गेले. इथे अस्थी म्हणून जे हातात देतात ती बारीक राखाडी पूड असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि वर खोक्यात. अस्थी घरात आणायच्या नाहीत, बाहेर झाडाला टांगून ठेवायच्या, ही आमची रीत. फेब्रुवारीत कनाटाला झाडाला काय टांगणार? भावाने त्या गॅरेजमध्ये फळीवर ठेवल्या. बर्फ वितळेपर्यंत वडील तिथेच राहिले. भाऊ देवाधर्माची टिंगल करणारा माणूस. पण ऑफिसला निघताना तो गॅरेजमध्ये "येतो बाबा" म्हणून मगच गाडी काढायचा, असं मला भावजयीने सांगितलं.

मे महिन्यात निघायचं ठरलं आणि मी भावाकडे आले, तेव्हा आम्ही दोघांनी टोरंटोजवळच्या एका देवळातल्या गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सांगितलं, मुलाने पाण्यात उभं राहून विसर्जन करावं, स्नान करावं, आणि निघावं. "आणि एकदा निघालात की मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर गेलेल्याचा जीव घुटमळतो."

"गुरुजी," भाऊ म्हणाला, "पार्किंग लॉटमधून रिव्हर्स घेताना बॅकअप कॅमेऱ्यात बघितलेलं चालतं का?"

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. मी काही फार कर्मठ नाही, पण वडिलांच्या बाबतीत मला कसलीच कसर ठेवायची नव्हती. दोन दिवसांच्या त्या प्रवासात मी त्याला हे 'वळायचं नाही' प्रकरण इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी त्याने गाण्यांचा आवाज वाढवला. भावजय मुलांच्या परीक्षांमुळे घरी राहिली होती, माझा नवरा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. त्यामुळे गाडीत आम्ही दोघं आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेले वडील.

मडकंही इथे धड मिळत नाही. मी बागेच्या सामानाच्या दुकानातून मातीची कुंडी घेतली होती. तिला तळाला भोक. ते मोटेलमध्ये पोहोचल्यावर भावाच्या लक्षात आलं. मग रोट्यांसाठी बरोबर घेतलेली कणीक थोडी घट्ट मळली आणि भोकात दाबून बसवली. पूड आत भरली. भाऊ बघत होता. म्हणाला, "बाबांना फार आवडलं असतं हे. जुगाड." मग तोंड धुवायला म्हणून वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

किनारा लहानसा होता. वर गाडी लावायची जागा, तिथून लाकडी पायवाट खाली वाळूत उतरणारी, वाळूत गोटे. लांबवर एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन चालत होती, बाकी कुणी नाही. ऊन छान पडलं होतं. जॅकेट काढून ठेवावं इतकी हवा उबदार होती, आणि याच हवेने माझा घात केला. वर ऊन आहे म्हणजे पाणीही बरं असणार, असा हिशेब मी आपल्याकडच्या समुद्रावरून केला. शिवाय मी रोज सकाळी किचनरच्या पूलमध्ये पोहते, ही घमेंड होतीच. तो पूल कोमट असतो, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही.

भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला आणि कळवळला. "ताई, बर्फ आहे गं नुसता!"

"बाबांसाठी एवढं कर."

तो तसाच उभा राहिला, ओंजळीत पूड घेतली, डोळे मिटले आणि सोडली. लाट आली आणि सगळी पूड त्याच्याच पायांशी घेऊन आली. दुसऱ्या ओंजळीचंही तेच झालं. भरती होती. ओल्या वाळूवर एक राखाडी रेघ उमटली आणि ती त्याच्या पोटऱ्यांना चिकटली. "बाबा परत येतायत," तो म्हणाला. गंमत करायला गेला, पण आवाज फुटला.

मला ते बघवेना. वडील गोट्यांत पडून राहणार आणि उद्या त्यांच्यावरून कुत्री पळणार. मी कुंडी त्याच्या हातातून घेतली, तोंडावर पांढरं कापड घालून सुतळीने करकचून बांधलं आणि कुर्ता उतरवला. स्नान करायचंच होतं, म्हणून मी आत स्विमिंग कॉस्च्यूम घालूनच आले होते.

"तुझं झालं," मी म्हटलं. "डोक्यावर पाणी घे आणि गाडीकडे निघ. मी लाटांच्या पलीकडे जाऊन सोडते."

"एकटी?"

"मग तू येतोस?"

त्याने पाण्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"आणि वळायचं नाही हं. काहीही झालं तरी. माझी शपथ आहे तुला."

हे शेवटचं वाक्य मी का बोलले, कोण जाणे. तो थट्टा करत वळून बघेल, हात हलवेल, फोटोसुद्धा काढेल, असं मला वाटलं असावं. लहानपणी आम्ही एकमेकांना ऊठसूट शपथा घालायचो. ज्याची शपथ मोडली तो मरतो, असा सरळ हिशेब असायचा. भाऊ माझी शपथ कधी मोडत नसे. कैरी चोरल्याचंही त्यामुळेच कबूल करायचा.

त्याने डोक्यावर पाणी शिंपडलं, बूट हातात घेतले, आणि पाठ फिरवून निघाला. मी पाण्यात शिरले.

गुडघ्यापर्यंत पाय दुखले. मांड्यांना भाजल्यासारखं झालं. थांबले तर धीर सुटेल असं वाटून मी येणाऱ्या लाटेखाली सरळ बुडी मारली, विहिरीत मारायचे तशी. आणि माझा श्वास गेला.

श्वास गेला म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. पाण्यात नाकातोंडात पाणी जातं, माणूस खोकतो, ते निराळं. इथे डोकं वर होतं, तोंड उघडं होतं, पण छाती माझं ऐकेना. हवा आत ओढली जात होती, पुन्हा पुन्हा, उचकीसारखी, आणि बाहेर जायचं नाव नाही. मी स्वतःला म्हटलं, थांब जरा, होईल. होईना. कुणीतरी पट्ट्याने छाती आवळत नेत होतं. पायाखाली तळ नव्हता, लाट मला उचलून पलीकडे घेऊन गेली होती, म्हणजे जिथे मला जायचं होतं तिथेच. एका हातात कुंडी, ती खाली ओढतेय. मला वाटलं, सोडून देऊ आणि परत फिरू. पण कापड बांधलेलं. वडिलांना तसं बांधून कसं सोडायचं?

मी गाठ सोडायला लागले. बोटांना काही कळेना. सुतळी दिसत होती, माझी बोटं तिच्यावर होती हेही दिसत होतं, पण ती बोटं दुसऱ्या कुणाची तरी होती. दातांनी ओढायला गेले तर तोंडात खारं पाणी गेलं. मग मात्र मी घाबरले. खरी घाबरले. आपण आता मरणार, आणि तेही आपणच घातलेल्या गाठीमुळे, हे मला लख्ख कळलं.

आणि तेवढ्यात कुंडी हलकी झाली. आधी वाटलं हातातून सुटली. खाली पाहिलं तर कुंडीच्या बुडाशी पाणी गढूळ होत होतं. कणीक निघाली होती. वडील तळाच्या भोकातून आपले आपण चालले होते, मी वरची गाठ सोडत बसले होते तोवर. राखाडी ढग पसरला, हिरव्या पाण्यात पांढुरका झाला आणि गेला. मी कुंडी सोडून दिली.

आता परतायचं, एवढंच. किनारा फार लांब नव्हता. पूलमध्ये तेवढं अंतर मी गप्पा मारत कापते. हात मारला तर तो पाण्यातून वरच येईना. पाय लाकडासारखे. मी किनाऱ्याकडे बघितलं आणि मला भाऊ दिसला.

त्याची पाठ दिसली. ओला शर्ट, हातात बूट, अनवाणी पाय गोट्यांवर जपून टाकत तो लाकडी पायवाटेकडे चालला होता. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच नाही. छाती हवा आत ओढण्यात गुंतलेली, ओरडायला हवा बाहेर कुठून येणार? "ह, ह," असं काहीतरी निघालं, ते मलाच नीट ऐकू आलं नाही. जन्मभर बोलत आलेली मी, आणि मला एक "ए" म्हणता येईना.

तो चालत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझं सगळं ऐकत होता. मी सांगितलं तसंच, मान न वळवता, खांदे ताठ ठेवून. मला त्याचा इतका राग आला की मी पाण्यातच रडायला लागले. वळ ना गाढवा. कधी नाही ते आज शहाणा झालास. आणि लगेच दुसरं मनात आलं, की वळणार नाही तो. मी शपथ घातलीय. ताई मरेल म्हणून वळणार नाही.

एक लाट डोक्यावरून गेली. वर आले तेव्हा मी कशीतरी पाठीवर झाले होते, तोंडावर आकाश होतं. मला विहीर आठवली असं मी सांगितलं तर ते बनवून सांगितल्यासारखं होईल. मला काहीच आठवलं नाही. नवऱ्याला गुडघ्याची गोळी कोण देईल, हा एकच विचार येत होता आणि तोसुद्धा अर्धाच.

मग वेणीला हिसका बसला.

भाऊ गळ्यापर्यंत पाण्यात होता. गुडघ्यावर पाणी आलं की ओरडणारा माझा भाऊ, शर्टपँटसकट, हनुवटी वर करून, डोळे विस्फारून माझ्याजवळ होता आणि त्याच्या मुठीत माझी वेणी होती. लहानपणी ओढायचा तशीच त्याने ती ओढली. एक लाट आम्हा दोघांवरून गेली, तो दिसेनासा झाला, पण मूठ सुटली नाही. त्याचे पाय तळाला लागत होते की नाही, मला अजून माहीत नाही. विचारलं तर तो विषय बदलतो. वेणीने, मग काखेत हात घालून, मग अक्षरशः फरफटत त्याने मला वाळूत आणलं.

ती कुत्र्यावाली म्हातारी धावत आली. तिने मला आणि त्याला भराभर गाडीत घातलं, ओले कपडे काढायला लावले, गाडीतल्या होत्या त्या शाली-ब्लँकेटं गुंडाळली. मी दात वाजवत म्हणत होते, "हॉट शॉवर, हॉट शॉवर." तिने दरडावून सांगितलं, गरम पाणी नाही, चोळायचं नाही, हळूहळू ऊब येऊ द्यायची. मग ती भावाकडे वळली. तुझं लक्ष कुठे होतं, असं तिने त्याला विचारलं. तू तर तिच्याकडे पाठ करून चालला होतास!

"वी आर नॉट सपोज्ड टू लुक," तो म्हणाला.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने गाडीचा हीटर आणखी वाढवला.

दुपारी मोटेलच्या खोलीत आम्ही दोघं दोन पलंगांवर, रजया गळ्यापर्यंत ओढून बसलो होतो. म्हातारीने डब्यातून सूप पाठवलं होतं. त्याने सूपला तोंडही लावलं नव्हतं. मला वाटलं अजून गारठलाय.

"ताई, मी वळून पाहिलं," तो म्हणाला.

"बरं झालं पाहिलंस."

"नाही, तसं नाही. तू शपथ घातली होतीस. मला सारखं वाटत होतं, वळलो आणि ताईला काही झालं तर? आय नो इट्स स्टुपिड. पण वाटत होतं. मान आखडली माझी न वळता न वळता."

"मग वळलास कशाला?"

"तुझा आवाज नाही आला. मी पार त्या लाकडी वाटेपर्यंत पोहोचलो, तरी तू काही सांगितलंच नाहीस. बूट घाल, हीटर लाव, टॉवेल काढून ठेव, पाय पूस. काहीच नाही. मनात म्हटलं, ही गप्प कशी? तू गप्प बसतच नाहीस गं कधी." आणि तो रडायला लागला, ओठ दुमडून, पायरीवर कैरी खाणारा होता तेव्हा रडायचा तसा. "आणि आता बाबा घुटमळले असतील. माझ्यामुळे."

टिंगल करणारा माझा भाऊ. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी उठून त्याच्या पलंगावर जाऊन बसले. "घुटमळू देत," मी म्हटलं. "त्यांना कुठे घाई आहे?" त्याहून बरं काही मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना ही गोष्ट हसत हसत सांगितली. वेणीचा भाग तर रंगवून. पण पहिल्या सोमवारी पूलवर गेले, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि छातीवर तो पट्टा पुन्हा आवळला. पाणी कोमट होतं. मी शिडी धरून उभी राहिले आणि मग कपडे बदलून घरी आले. दुसऱ्या आठवड्यात तेच. मग मी जाणंच सोडलं. नवऱ्याला सांगितलं, क्लोरीनने केस खराब होतात. शॉवरचं पाणी क्षणभर गार आलं तरी मी किंचाळायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, यू आर ऑन म्यूट, की मी मीटिंग सोडून उठायचे. इतकी वर्षं माझ्याकडे नसलेली ती भीती आली, आणि उशिरा आल्याची भरपाई म्हणून की काय, सगळं घर व्यापून बसली.

त्या म्हातारीचा फोन नंबर भावाने घेऊन ठेवला होता. ती शाळेतली निवृत्त शिक्षिका, आणि चार मैत्रिणींबरोबर बारा महिने त्याच समुद्रात पोहते, हे आम्हाला नंतर कळलं. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी तिला फोन केला आणि म्हटलं, मला पुन्हा पाण्यात जायचंय, पण मला फार भीती वाटते. ती म्हणाली, जूनमध्ये ये. भावाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "मी येणार. आणि मी वळबिळणार नाही. म्हणजे, पाठ करणार नाही. तोंड समोर ठेवून उभा राहणार. तुझ्या गुरुजींना सांग."

जूनमध्ये तोच किनारा, तेच ऊन. मी वाळूत बसूनच राहिले. म्हातारी आणि तिच्या मैत्रिणी लोकरीच्या टोप्या घालून, बाजारात निघाल्यासारख्या गप्पा मारत पाण्यात शिरल्या. मला उठता येईना. तिने मला सांगून ठेवलं होतं: पहिल्यांदा पोहायचंच नाही. कमरेपर्यंत यायचं, उभं राहायचं, श्वास बाहेर सोडायचा. एक सबंध वाक्य बोलता आलं, की मग पुढे. वाक्य आलं नाही तर परत. मी म्हटलं होतं, वाक्यांची मला काही कमतरता नाही. आता वाळूत बसून ते आठवलं आणि रडू आलं.

भाऊ माझ्यापासून थोड्या अंतरावर उभा होता. नवे कोरे बूट, अंगात जाड जॅकेट, हात खिशात. डोळे माझ्यावर. मी उठले तेव्हा त्याने हात खिशातून बाहेर काढले.

मी गुडघ्यापर्यंत गेले. मांड्यांपर्यंत. म्हातारीने हात पुढे केला होता, तो मी धरला. पाणी कमरेला लागलं आणि ते आलं. तसंच. हवा आत, आत, आत. म्हातारी कानाशी सांगत होती, बाहेर सोड, बाहेर सोड. मला ऐकू येत होतं आणि काही करता येत नव्हतं. पुन्हा तेच, माझं तोंड उघडं आणि त्यातून काही निघत नाही.

"ताई?" भाऊ किनाऱ्यावरून म्हणाला.

मी बोलले नाही.

"ताई, बोल ना काहीतरी!"

वर्षभर मला वाटत होतं की त्या दिवशी मी जिवंत होते ती पाण्याच्या वर डोकं होतं म्हणून. भावाचं तसं नव्हतं. त्याच्यासाठी मी आवाज थांबला तेव्हाच गेले होते, आणि आता त्याच्या डोळ्यांदेखत मी पुन्हा जात होते.

"ताई, ओ दे!" तो किंचाळला. "ओ दे गं!"

हे शब्द त्याने आयुष्यात कधी वापरले नव्हते. ते वडिलांचे होते, विहिरीच्या पायरीवरचे. तो वरच्या पायरीवर कैरी खात होता तेव्हा ऐकत होता तर. मी मान वळवून पाहिलं. तो पाण्यात आला होता. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, नव्या बुटांसकट, हात पुढे करून, चेहरा पांढराफटक. त्याच्यामागून लाट परतत होती आणि तो आणखी एक पाऊल आत टाकत होता.

छातीतली हवा एकदम बाहेर आली.

"बूट काढ आधी, मूर्खा!" मी ओरडले. "नवीन आहेत ना ते! आणि सॉक्स? सॉक्सपण भिजवलेस? दुसरे आणलेस का?"

म्हातारीने माझा हात सोडला. एक सबंध वाक्य मागितलं होतं तिने, तिला चार मिळाली. मी पाण्यात अंग टाकलं आणि किनाऱ्याला समांतर, जिथे केव्हाही उभं राहता येईल अशा पाण्यात, हात मारायला लागले. भीती गेली नव्हती. ती माझ्याबरोबरच पोहत होती, अगदी अंगाला लागून. मी बोलत राहिले. जॅकेटची चेन लाव, गाडीची किल्ली खिशात आहे का बघ, मागे हो, लाट येतेय.

त्याने यातलं एकही ऐकलं नाही. तो तसाच उभा राहिला, पोटरीभर पाण्यात, बुटांसकट, माझ्याकडे तोंड करून.